टर्बो बदलण्याआधी बाबांची वही उघड

प्रश्न:

काका, नमस्कार. मी २७ वर्षांचा, मूळचा कराडचा, नोकरी पुण्यात. मला अरेतुरेच करा. बाबांनी जून २०१२ मध्ये घेतलेली स्विफ्ट व्हीडीआय, त्यांची नजर कमी झाल्यापासून माझ्याकडे आहे. १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. गाडी कराडलाच घरामागच्या शेडमध्ये उभी असते. मी दर दुसऱ्या शनिवारी येतो आणि बहुतेक वेळा ताईकडे चिपळूणला जातो.

गेल्या पावसाळ्यापासून गाडी ओढत नाही. चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटात तिसऱ्यावर दम तोडते, दुसरा टाकावा लागतो. मागून काळा धूर निघतो. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटमधून 'स्स्स' असा आवाज येतो. ऑईल मात्र कमी होत नाही. पूर्वी १९-२० चं ॲव्हरेज होतं, आता १५ वर आलंय. इथल्या गॅरेजमध्ये 'टर्बो गेला' म्हणून ३८ हजार सांगितलेत. पुण्यातला मित्र म्हणतो, तेवढ्यात रीमॅप करून घे (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढव), ईजीआर (जळालेला वायू परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह) बंद कर आणि १७ इंची अलॉय टाक, गाडी ओळखू येणार नाही.

दुसरं म्हणजे बॅटरी. मी येईपर्यंत उतरलेली असते, धक्का मारावा लागतो. चौदा महिन्यांत दोन बदलल्या. गेल्या वर्षी मी टचस्क्रीन आणि सीटखाली ॲम्प्लिफायर बसवून घेतला. त्याची जाड लाल वायर थेट बॅटरीवरून आत गेलीय, मध्ये फ्यूज कुठे दिसत नाही. तिसरं, हेडलाइटचा उजेड फार कमी पडतो, म्हणून १०० वॅटचे बल्ब टाकायचा विचार आहे.

बाबा म्हणतात, विकून टाक, पंधरा वर्षं होत आली. तेच बाबा अजून प्रत्येक टाकी डिझेलच्या वहीत लिहायला लावतात. माझ्याकडे ७० हजार साठलेत. काय करू?

– एक वाचक, कराड

उत्तर:

पुढचं वाचण्याआधी घरी फोन लाव. शेजारच्या कुणाला तरी दहा नंबरचा पाना घेऊन शेडमध्ये पाठव आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला ठेवायला सांग. दोन मिनिटांचं काम आहे. फ्यूज नसलेली जाड वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून जाते. त्या भोकाच्या कडेवर तिचं प्लास्टिक रोज थोडं थोडं घासतं. ज्या दिवशी तांबं पत्र्याला टेकेल त्या दिवशी बॅटरीतला सगळा करंट तिथून वाहील आणि त्याला अडवायला मध्ये काहीच नसेल. गाडी बंद असतानाही हे होऊ शकतं, आणि तुझी गाडी घराला लागून उभी असते. बाकी सगळं दोन आठवडे थांबेल, हे थांबणार नाही.

आता निवांत बोलू.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बाबांच्या वहीचा उल्लेख तू जाता जाता केलास, पण तुझ्याकडची सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे. ती काढ आणि गेल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज शेजारी लिही. मला एकच गोष्ट हवी आहे: १९ वरून १५ वर गाडी कशी आली? एकदोन टाक्यांत धपकन पडली, की वर्षभर पाव-अर्ध्याने घसरत गेली? धपकन पडली असेल तर काहीतरी फाटलंय, निसटलंय किंवा अडकलंय. हळूहळू घसरली असेल तर काहीतरी चोंदलंय किंवा झिजलंय. कुठल्याही स्कॅनरला हा फरक सांगता येत नाही, कारण स्कॅनरला आजची गाडी दिसते, मागच्या श्रावणातली दिसत नाही.

तुझ्या पत्रातली लक्षणं एकत्र ठेवली की माझा संशय टर्बोपेक्षा आधी एका रबरी होजवर, म्हणजे जाड नळीवर, जातो. कसा ते सांगतो, म्हणजे गॅरेजमध्ये बोलताना तुझी बाजू पक्की राहील.

टर्बो म्हणजे हवा कोंबणारा पंखा. त्याने दाबलेली गरम हवा जाड रबरी होजमधून इंटरकूलरकडे जाते, तिथे थंड होते आणि दुसऱ्या होजने इंजिनात शिरते. किती हवा आत आली ते एअर फिल्टरपाशी बसवलेला सेन्सर मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हिशेबाने डिझेल सोडतो. आता मधला एखादा होज चिरला तर काय होईल? सेन्सरने हवा मोजली, ईसीयूने डिझेल सोडलं, पण मोजलेली हवा वाटेतच बाहेर गेली. इंजिनात डिझेल जास्त, हवा कमी. न जळलेल्या डिझेलची काजळी म्हणजे तुझा काळा धूर, आणि बाहेर निसटणारी हवा म्हणजे तुझा 'स्स्स'. टर्बोचे सील गेले असते तर इंजिन ऑईल जळून निळसर धूर आला असता आणि डिपस्टिकवर पातळी उतरली असती. तू स्वतःच लिहितोस की ऑईल कमी होत नाही.

मग गॅरेजवाल्याला हे दिसलं कसं नाही? त्याच्यावर लगेच लबाडीचा आरोप करू नकोस. गाडी उभी असताना आयडलवर होजमध्ये दाब जवळजवळ नसतोच. भेग मिटलेली असते. नुसता रेस देऊनही खरा दाब तयार होत नाही, तो इंजिनावर ओझं आलं की येतो, म्हणजे घाटात, माणसं आणि सामान भरलेलं असताना. साताऱ्यात आमच्या शेजाऱ्यांची इंडिका व्हिस्टा होती, हेच इंजिन. त्यांनाही टर्बोच सांगितला होता. संध्याकाळी आम्ही बॉनेट उघडलं, मी होजवरून बोटं फिरवत गेलो. वरून होज नवा असल्यासारखा दिसत होता. क्लॅम्पच्या, म्हणजे होज आवळून धरणाऱ्या पट्टीच्या, लगेच खाली, जिथे डोळा पोचत नाही, तिथे बोटाला ओलसर चिकट लागलं. बोट बाहेर काढलं तर काळं झालेलं. आरसा धरून टॉर्च मारली, तेव्हा नखाएवढी चीर दिसली. होज हाताने वाकवला की ती माशाच्या तोंडासारखी उघडायची, सोडला की मिटायची. होज बदलला आणि गाडी दुसऱ्या दिवशी यवतेश्वरचा चढ तिसऱ्यावर चढली.

तूही असंच कर. इंजिन पूर्ण थंड असताना पांढरं फडकं घेऊन टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंतचे सगळे होज पुसत जा, विशेषतः खालची बाजू, क्लॅम्पची कड, आणि जिथे होज एखाद्या ब्रॅकेटला घासतो ती जागा. होजच्या आत ऑईलचा हलका ओलावा असणं या गाड्यांत सर्रास आढळतं, त्यामुळे जिथून हवा निसटते तिथे बाहेरून तेलकट धूळ बसते. तो डाग हाच तुझा पुरावा. क्लॅम्प सैल असेल तर एखादा स्क्रू आवळूनही काम भागेल. डोळ्याला काही दिसलं नाही तर होजमध्ये बाहेरून थोडा दाब देऊन साबणाचं पाणी मारणारं किंवा धूर सोडून गळती शोधणारं गॅरेज बघ. एक मात्र लक्षात ठेव: कुणाला तरी रेस द्यायला बसवून आपण बॉनेटखाली डोकं घालायचं नाही. फॅन आणि बेल्ट तुझ्या गळ्यातल्या आयकार्डची दोरी ओळखत नाहीत.

होज ठणठणीत निघाले तर पुढचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे. एअर फिल्टरची पेटी उघड. उसाच्या शेतालगत बारा-बारा दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर संसार थाटतात. त्या पेटीत शेंगांची टरफलं आणि चिंध्या मी माझ्या हाताने काढलेल्या आहेत. पेटी उघडलीच आहे तर आसपासच्या वायरी कुरतडल्यात का तेही पाहा. मग डिझेल फिल्टर, शेवटचा कधी बदलला ते वहीत असेल. मग हवा मोजणारा सेन्सर, त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच साफ करायचा, कापडाने पुसायचा नाही. मग ईजीआर व्हॉल्व्ह, तो कार्बनने उघडा अडकला तरी गाडी अशीच मरगळते आणि काळा धूर देते. आणि एकदा क्लचही बघ: चौथ्या गिअरवर दाबल्यावर आरपीएमचा काटा वर जातो पण स्पीड वाढत नाही, असं होत असेल तर दोष वेगळाच आहे.

एवढं होऊनही काही सापडलं नाही तर टर्बोचा नंबर. तेव्हाही थेट बदलायचा नाही. थंड इंजिनावर टर्बोकडे हवा आणणारा पाइप काढायला सांग आणि आतला पंखा तुझ्या समोर हाताने फिरवायला लाव. बाजूला अगदी किंचित हलणं चालतं, कारण चालू असताना तिथे ऑईलचा थर असतो. आत-बाहेर जाणवण्याइतका प्ले असेल, किंवा पात्यांच्या टोकांनी भिंतीला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो खरोखर गेलाय. हे पाहिल्याशिवाय ३८ हजारांना हो म्हणू नकोस. चांगला मेकॅनिक हे दाखवायला कधीच नाही म्हणत नाही.

वही हातात आहेच तर ऑईल बदलल्याच्या तारखाही पाहा. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून लोक तिला विसरतात. पण त्या चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. ऑईल जुनं झालं किंवा कमी झालं की चेनचे हाल होतात. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज येतो का, ते कान देऊन ऐक. तुझी गाडी वर्षात फार पळत नाही, तेव्हा १० हजार किलोमीटरची वाट न बघता दर वर्षी ऑईल आणि फिल्टर बदल. आणि घाट चढून हेळवाकला चहाला थांबलास की लगेच किल्ली फिरवू नकोस. मिनिटभर इंजिन तसंच चालू दे, टर्बोच्या बेअरिंगला तेवढं थंड ऑईल मिळू दे.

आता बॅटरी. दोन बॅटऱ्या तुझ्या ॲम्प्लिफायरने खाल्ल्या, असं मी जवळजवळ खात्रीने म्हणतो. हिशेब बघ. किल्ली काढल्यावरही गाडी थोडा करंट घेते, ईसीयूच्या मेमरीसाठी, सेंट्रल लॉकसाठी. तो ५० मिलिअँपच्या आत असला की ठीक. समज ३० असेल, तर बारा दिवसांत साधारण पावणेनऊ अँपिअर-अवर जातील आणि गाडी निमूट सुरू होईल. पण ॲम्प्लिफायर जागाच राहिला आणि करंट ३०० मिलिअँप झाला, तर दिवसाला सात अँपिअर-अवरच्या वर जातात. ५० अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्यात रिकामी. आणि गाडीची बॅटरी अशी तळापर्यंत पुन्हा पुन्हा उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती चार्ज धरत नाही. तिसरी बॅटरी आणलीस तरी तिचंही तेच होईल.

तपासायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. सगळं बंद, किल्ली बाहेर, बॉनेट उघडं, दारं लावलेली. बॅटरीचा निगेटिव्ह काढून मीटर १० अँपिअरच्या रेंजवर त्या वायरीत आणि टर्मिनलमध्ये जोडायचा. अर्धा तास थांब, कारण गाडीतली यंत्रणा लगेच झोपत नाही. मीटर जोडलेला असताना दार उघडू नकोस, स्टार्टर तर अजिबात मारू नकोस, मीटर जळेल. आकडा मोठा दिसला तर फ्यूज एकेक काढत जा. ज्या फ्यूजला आकडा कोसळेल ती चोराची लाइन. ॲम्प्लिफायरची वायर फ्यूजबॉक्समधून जातच नसल्याने ती वेगळी सोडवून बघ.

चूक बहुधा दोन ठिकाणी असते. टचस्क्रीनच्या मागे पिवळी वायर कायम करंटची, मेमरीसाठी, आणि लाल वायर किल्लीवर चालू-बंद होणारी. घाईत बसवणारे दोन्ही एकत्र पिळून टेप मारतात, म्हणजे स्क्रीन काळी दिसली तरी आतून जागीच. दुसरी चूक ॲम्प्लिफायरची बारीक निळी रिमोट वायर. ती टचस्क्रीनकडून आली पाहिजे, म्हणजे स्क्रीन झोपली की ॲम्प्लिफायर झोपेल. ती कायमच्या करंटला जोडली असेल तर तो कधीच झोपत नाही. जाड लाल वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरात, वायरीला पेलेल असा फ्यूज बसवून घे, आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेने वायर घासू न देणारी कडी, हवाच. हे काम गाडीच्या वायरमनकडून कर, टेप दिसला तर उलगडून सोल्डर करायला लाव. नंतर दोन आकडे वहीत लिही: रात्रभर उभ्या गाडीचा व्होल्टेज, जो १२.६ च्या आसपास हवा, आणि इंजिन चालू असतानाचा, १३.८ ते १४.४. हा दुसरा आकडा कमी आला तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे बघावं लागेल.

१०० वॅटच्या बल्बबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलू दे, कारण ते मी भोगलंय. १९९८ च्या पावसाळ्यात माझ्या मारुती ८०० ला मी तसेच बल्ब बसवून घेतले होते, रिले (दिव्यांचा करंट मुख्य स्विचऐवजी स्वतःवर घेणारा छोटा स्विच) नाही, काही नाही, फक्त जुने काढून नवे. पहिले पंधरा दिवस रस्ता दिवसासारखा दिसला. एका रात्री पाचगणीहून पसरणी घाट उतरत होतो. बायको शेजारी, मुलगी मागे झोपलेली, धुकं आणि पाऊस. आधी वास आला, प्लास्टिक जळल्याचा. मी काच खाली केली, वाटलं बाहेरून येतोय. पुढच्या वळणाच्या तोंडाशी दोन्ही दिवे एकदम गेले. स्टिअरिंगजवळचा स्विच आतून वितळला होता, कांडीला हात लावला तर ती मऊ झालेली. मी ब्रेक दाबून आहे तिथे थांबलो. दरी कुठल्या हाताला आहे हे माहीत होतं, किती जवळ आहे ते माहीत नव्हतं. मागून एसटी आली. ड्रायव्हर खाली उतरला, पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही पुढं व्हा, मी मागनं उजेड देतो." वाईपर्यंत ती भरलेली एसटी आमच्या मागे पहिल्या-दुसऱ्यावर चालत आली. तिच्या दिव्यांत आमच्या गाडीची सावली रस्त्यावर लांब पडली होती आणि मी त्या सावलीच्या कडेने गाडी हाकत होतो.

त्यामागचं गणित नंतर कळलं. ६० वॅटचा बल्ब सुमारे ५ अँपिअर घेतो, १०० वॅटचा ८ च्या वर. करंट दीडपटीहून थोडा जास्त, पण वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पट. ती वायर, तो होल्डर, तो स्विच त्यासाठी बनवलेलेच नसतात. शिवाय समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जो उजेड घुसतो तो वेगळाच, आणि कायद्यालाही ते बल्ब चालत नाहीत.

तुझा उजेड कमी का आहे हे आधी शोध. तेरा-चौदा वर्षांच्या हेडलाइटचं प्लास्टिक पिवळं पडलेलं असणार, ते बफिंग करून साफ होतं. मग दिवे चालू ठेवून, इंजिन चालू असताना बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोज. जुन्या वायरी आणि गंजलेल्या अर्थिंगमुळे तिथे बॅटरीपेक्षा बराच कमी मिळतो, आणि हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी पडला की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. रिले आणि थोडी जाड वायर टाकून घे, बल्ब मात्र कंपनीच्याच ५५/६० वॅटचे, नवे. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांची उंची लावून घे. कुंभार्लीत तुला फरक कळेल.

मित्राच्या यादीकडे येऊ. गाडी सजवायची हौस वाईट नाही, मला स्वतःला आहे. पण आजारी गाडीचं रीमॅप म्हणजे ताप न बघता घोड्याला पळवणं. चिरलेल्या होजमधून आत्ताच हवा जातेय, त्यात सॉफ्टवेअरने आणखी डिझेल ओतलं तर धूर आणि उष्णता वाढेल. तुझ्या इंजिनाचे कंपनीचे आकडे ७५ पीएस आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर. त्याच १२४८ सीसीच्या इंजिनाची ९० पीएसची आवृत्तीही आपल्याकडे एसएक्स४, एर्टिगा, मांझात आली होती. तिथे कंपनीने नुसतं सॉफ्टवेअर बदललं नाही, वेगळा, पात्यांचा कोन बदलणारा टर्बो दिला. तुझ्या साध्या टर्बोकडून आणि १ लाख ३८ हजार चाललेल्या क्लचकडून तेवढंच किंवा जास्त काम काढायचं, यात आधी क्लच घसरेल. होज बदलून गाडी मूळ ७५ वर आली की तुला ती इतकी हलकी वाटेल की रीमॅपचं नाव विसरशील. हिचा टर्बो २००० च्या खाली झोपलेला असतो, हा हिचा जन्माचा स्वभाव. घाटात गिअर थोडा आधी टाकून काटा त्याच्या वर ठेव.

ईजीआर बंद करू नकोस. तो जळालेला वायू थोडा परत आत घेऊन ज्वलनाचं तापमान कमी करतो, त्याने नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. काढून साफ कर, परत बसव.

१७ इंची अलॉयला माझा सरळ नकार. तुझं मूळ टायर १६५/८० आर १४. त्याची उंची साधारण ६२० मिलिमीटर. याच मॉडेलच्या वरच्या झेडडीआयला कंपनीने १८५/६५ आर १५ दिलं, त्याची ६२१ च्या आसपास. म्हणजे स्पीडोमीटर खरं बोलेल, आणि टायरची भिंत अजून १२ सेंटिमीटर शिल्लक. १७ इंचाला ती उंची राखायची तर २०५/४५ घ्यावं लागेल आणि भिंत उरेल ९ सेंटिमीटर. पाटण ते कोयनानगर पावसाळ्यानंतरचे खड्डे आठव. टायर फुगेल, रिम वाकेल, धक्का सस्पेन्शनच्या लोअर आर्मच्या बुशला जाईल. हौसच असेल तर १५ इंची अलॉय घे, डिक्कीतली १४ ची स्टेपनी घरापर्यंत यायला चालेल. आत्ताच्या टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचे निघाले तर नक्षी शिल्लक असली तरी बदल. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल मालकाला करता येत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. त्याहून मोठी भीती विम्याची आहे. न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला तर क्लेम अडकतो, आणि ती वेळ वाद घालायची नसते.

बाबांच्या 'विकून टाक' बद्दल. आरसी जून २०२७ पर्यंत आहे. त्यानंतर आरटीओत फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली परिसराचे आहेत, कराडचे नाहीत. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी हे फियाटचं इंजिन टाटानेही क्वाड्राजेट नावाने इतक्या गाड्यांत वापरलं की पार्ट आणि हात दोन्ही तालुक्याच्या गावात मिळतात. चॅसिसला खालून, दाराच्या कडांना आणि डिक्कीच्या चटईखाली गंज नसेल तर मी ही गाडी विकणार नाही. गंज खोल असेल तर मात्र एक रुपया न घालता विक.

एक विचारू? बाबांना ती खरंच विकायची आहे, की तुझा खर्च होतोय म्हणून ते तसं म्हणतात? विकायची असलेल्या गाडीची वही कोणी रोज विचारत नाही. एकदा त्यांना शेजारी बसवून चिपळूणला घेऊन जा आणि वाटेत विचार.

७० हजार असे वापर: आधी वायरिंग आणि फ्यूज, मग होज आणि फिल्टर, ऑईल. त्यानंतर ब्रेक. पॅड, लायनिंग बघ आणि ब्रेक ऑईल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदल, ते हवेतलं पाणी शोषतं आणि कुंभार्ली उतरताना तापून पेडल खाली जातं. उतरतानाही ज्या गिअरवर चढतोस त्याच गिअरवर ये. मग टायर. मग दिव्यांचे रिले. यातून पैसे उरतील असा माझा अंदाज आहे, उरले तर १५ इंची अलॉय तुझे.

येत्या शनिवारी टाकी फुल्ल कर, त्याच पंपावर, त्याच नोझलला पहिल्या कटपर्यंत. होज तपासण्याआधीची ही टाकी आणि नंतरच्या दोन टाक्या वहीत लिही, आणि ती तीन ॲव्हरेज मला पाठव. चीर सापडली तर होजचा फोटोही, बोटाने वाकवून, ती उघडलेली दिसेल असा.